केशवरावांनी काय निवडलं : फलकमालिकेच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

बैठक मंगळवार पेठेत, चित्रकार काकांच्या माडीवर. संगीत नाटकांतले गायक नट केशवराव भोसले यांच्यावर बारा फलक करायचे, हे पक्कं झालं. ए-वन आकार, उभे, सनबोर्डवर. शाळाशाळांतून फिरवायचे आहेत, तेव्हा दोन मुलांनी धरून जिना चढवता येतील इतके हलके हवेत. मजकूर माझ्याकडे, चित्रं आणि मांडणी काकांकडे, गाण्याचा भाग पेटीवाल्या अण्णांकडे. छपाई, हिशेब आणि शाळांशी बोलणी गटातली दोन पोरं बघणार. पहिलं प्रदर्शन ४ ऑक्टोबरला, पुण्यतिथीच्या दिवशी.

हे आत्ताच का, तेही लिहून ठेवते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून कोल्हापुरात त्यांचं नाव रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतं, पण ते छप्पर, निधी, खुर्च्या, लाकूडकाम यांच्या संदर्भात. आठवीच्या वर्गात मी विचारलं, केशवराव भोसले कोण? एक मुलगा उठून म्हणाला, "थेटराचे मालक." बाकी वर्ग गप्प. त्या मुलाचा काहीच दोष नाही. "केशवरावला नाटक आहे", "केशवरावपाशी उतर" असंच तो लहानपणापासून ऐकत आलाय.

इमारतीचं काम इमारतीची माणसं करताहेत. माणसाबद्दल सांगायचं काम आपण करू, असं ठरवून उठलो.

२२ जून, रविवार

सांगाडा लिहून काढला. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. वडील लवकर गेले, घरात दारिद्र्य, आणि पोट भरण्यासाठी हा मुलगा अगदी कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेला. जनूभाऊ निमकरांची कंपनी. त्या काळी नाटक कंपनीत मूल घालणं म्हणजे त्याला दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळवून देणं. गाणं, पाठांतर, वावरणं, सगळं शिक्षण कंपनीच्या बिऱ्हाडातच.

मग 'शारदा'. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी लिहिलेलं, १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेलं. पैशासाठी लेकीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट, नवरदेव व्हायला निघालेला भुजंगनाथ, आणि मध्ये शारदा. स्वदेशहितचिंतकमध्ये केशवरावांनी शारदा केली ती पोरवयात, आणि लोक त्यांना ओळखू लागले ते तिथून. 'मूर्तिमंत भीति उभी' हे पद त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं.

या फलकाचा मजकूर लिहिताना मी बराच वेळ अडून राहिले. तेव्हा पुरुषच बायकांची कामं करत, एवढं एक वाक्य टाकून पुढे जाता येतं आणि बहुतेक जण तसंच करतात. पण इथे त्याहून मोठं काही आहे. वडिलांचं छत्र गेलेला, घरच्या अडचणीपायी नाटक कंपनीत आलेला एक मुलगा उभा राहून, बापानं पैशासाठी विकायला काढलेल्या मुलीची भीती गातोय. त्या भीतीला त्याच्यापाशी स्वतःचं असं काहीतरी असणारच, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, म्हणून फलकावर ते घालणार नाही. दोन्ही गोष्टी फक्त शेजारी शेजारी ठेवणार आहे, मुलं काय ते जोडतील.

२९ जून, रविवार

अण्णांच्या घरी पेटीची बैठक. आवाजावरचा फलक शब्दांनी कसा होणार, याची मला काळजी होती. अण्णा म्हणाले, आधी ऐका, मग लिहा.

त्यांनी आपल्या एका विद्यार्थिनीला 'मूर्तिमंत भीति उभी' आधी तिच्या नेहमीच्या पट्टीत म्हणायला लावलं. मग पट्टी वर चढवली. मग म्हणाले, "आता जा परसात, आडाजवळ उभी राहा आणि तिथनं म्हण. आम्हाला इथं माजघरात शब्द कळाय पाहिजे." पोरगी गेली. सूर आला, शब्द विरघळून आले. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या खेपेला तिनं जरा मागे रेलून, तोंड मोकळं करून म्हटलं आणि 'मजसमोर' मधला 'स' सुद्धा ऐकू आला.

"बघा बाई," अण्णा मला म्हणाले, "माईक नव्हता. शेवटच्या बाकावर बसलेल्यानंबी पैसे दिल्यालेत की! त्याला शब्द गेला पाहिजे. वर पट्टी उगंच नव्हती लावत. आणि ह्ये एकदा न्हवं, पाचसहा तास, रात्रभर. ह्ये निस्तं गळ्याचं काम न्हाई, छातीचं काम हाय."

केशवरावांची ख्याती होती ती चढ्या, धारदार, वेगवान तानांच्या गाण्याची. 'संगीतसूर्य' ही पदवी त्याच तेजामुळे. पुढे त्यांच्या कंपनीत रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखे कसलेले गवई तालमी द्यायला आणि चाली बांधायला आले. नाटकातलं गाणं म्हणजे हलकंफुलकं, हा समज या फलकावर मोडायचा आहे. आणि त्या काळचं कोल्हापूर म्हणजे काय होतं, हेही यायला हवं: अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत गवयांची ये-जा होती. या गावाचे कान तयार होते, आणि तयार कानांपुढे गाणाऱ्याला ढिलाई चालत नाही.

फलकाची कल्पना तिथेच सुचली. मजकूर कमी, आणि खाली मुलांसाठी एक कृती: वर्गाच्या दारात उभे राहा, मित्राला मैदानाच्या टोकाला पाठवा, आणि न ओरडता एक ओळ त्याच्यापर्यंत पोचवा.

६ जुलै, रविवार

ललितकलादर्श, केशवरावांनी काढलेली नाटक कंपनी. स्थापना १ जानेवारी १९०८, हुबळी. केशवराव तेव्हा सतरा वर्षांचे.

काकांना नकाशा काढायला सांगितलाय. कोल्हापूर, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी. मिरजेहून रेल्वेनं हुबळी गाठता येत होती आणि कंपन्यांचे मुक्काम त्या पट्ट्यात नेहमीचे होते. मराठी नाटक मराठी मुलखातच चालत होतं, असं मुलांना वाटतं. हुबळी-धारवाडच्या प्रेक्षकांनी आमच्या कंपन्या किती पोसल्या, हे नकाशावर एक बोट ठेवलं तरी कळेल.

सतराव्या वर्षी मालक व्हायचं म्हणजे नेमकं काय, यावर पोरांनी चांगले प्रश्न काढले. पन्नासेक माणसांची चूल कोण पेटवणार? पडदे कुठे ठेवायचे? नट आजारी पडला तर? पाऊस लागून राहिला आणि खेळच झाला नाही, तर पगार कशातून? केशवराव नट होते, गायक होते आणि हा सगळा संसारही त्यांच्याच डोक्यावर होता. आता माझ्या वर्गातलं सतरा वर्षांचं पोरगं बारावीच्या फॉर्ममध्ये गुंतलेलं असतं.

८ जुलै, मंगळवार

आजची तारीख म्हणून दोन ओळी. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. खाडिलकरांच्या नाटकात धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. या प्रयोगाच्या आठवणी मराठी माणसानं शंभर वर्षं जपल्या, आणि त्या जपण्यासारख्याच आहेत.

पण सगळे या एकाच रात्रीपाशी थांबतात, याचा मला त्रास होतो. गटात सांगून टाकलं: 'मानापमान'ला एकच फलक. काका नाराज झाले. त्यांच्या डोक्यात दोन होते.

१३ जुलै, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

मला या मालिकेत काय सांगायचंय, ते आज स्पष्ट झालं. केशवरावांचा आवाज सगळे सांगतात. मला त्यांची निवड सांगायची आहे. कंपनी त्यांची होती, पैसा त्यांचा बुडणार होता, आणि जुनी, चाललेली, हमखास गल्ला देणारी नाटकं हाताशी होती. गळा असा की लोक त्याच पदांसाठी पुन्हा पुन्हा आले असते. अशा वेळी हा माणूस नवी नाटकं घेतो. आणि कुणाची?

१९१२ साली ललितकलादर्शनं 'दामिनी' केलं. लेखिका हिराबाई पेडणेकर. मूळ सावंतवाडीकडच्या, कलावंतिणींच्या घराण्यात जन्मलेल्या, मुंबईत राहून भास्करबुवा बखले यांच्याकडे गाणं शिकलेल्या, लिहित्या. त्याआधी 'जयद्रथ विडंबन' हे नाटक त्यांनी लिहिलेलं होतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, देवल, गडकरी अशा मंडळींची त्यांच्या घरी बैठक असे. बाई नाटकावर बोलते, हे चालत होतं. बाई नाटक लिहिते, तेही थोडं चालत होतं. पण ते नाटक पडदे रंगवून, तालमी घेऊन, तिकीट लावून लोकांपुढे कोण उभं करणार? ज्या रंगभूमीवर बाईला स्वतःचं सोंगही घेता येत नव्हतं, तिथे बाईचे शब्द पुरुषांच्या तोंडून लोकांपर्यंत गेले, ते केशवरावांच्या कंपनीमुळे.

काकांशी वाद झाला. 'दामिनी'च्या वेळी ललितकलादर्शनं मखमली पडदा आणला आणि मराठी रंगभूमीवर तो पहिला, असं श्रेय दिलं जातं. काकांना फलकभर तो पडदा हवाय: गडद तांबडा, वरून प्रकाश पडलेला, चुण्यांसकट. चित्र म्हणून मलाही तो पटतो. पण मी म्हटलं, पडद्याच्या पुढं येऊन कुणाचे शब्द उभे राहिले, ते आधी दिसलं पाहिजे.

"अवो पण बाई, पोरं चित्र बघत्यात आधी. नाव काय वाचत बसणार?"

"चित्र बघायला थांबतील, आणि थांबल्यावर नाव वाचतील."

अण्णांनी विचारलं, हिराबाईंवर वेगळा फलक कशाला, मालिका केशवरावांची आहे. त्यांना म्हटलं, नटाचं आयुष्य म्हणजे त्यानं कुणाचे शब्द तोंडात घेतले, हेच असतं. मी हौशी नाटकांत कामं केलीत. आमच्याकडे स्पर्धेला नवं नाटक घ्यायचं म्हटलं की निम्मा गट मागे सरतो, "ते गाजलेलंच करूया की" म्हणून. तिथे तर हॉलचं भाडं एवढाच धोका असतो. केशवरावांच्या मागे पन्नास माणसांची चूल होती.

तडजोड अशी: पडदा मोठा, हिराबाईंचं नाव खाली उजवीकडे. मला ती मनापासून मान्य नाही. शाळेत चाचणी घेऊ, मग ठरवू.

२० जुलै, रविवार

'राक्षसी महत्त्वाकांक्षा', १९१३. लेखक वीर वामनराव जोशी, अमरावतीचे, पुढे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. केशवरावांची मृणालिनीची भूमिका यातलीच. मजकूर एका बैठकीत झाला. अमरावतीचा लेखक, हुबळीत जन्मलेली कंपनी, कोल्हापूरचा नट, हे नकाशाच्या फलकावरही दाखवता येईल.

२७ जुलै, रविवार

मामा वरेरकर. म्हणजे भार्गवराम विठ्ठल वरेरकर, कोकणातले. 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्यावरचं नाटक ललितकलादर्शनं रंगमंचावर आणलं. पुढे 'संन्याशाचा संसार'.

आज आम्ही गटात 'शारदा' आणि 'हाच मुलाचा बाप' यांतले प्रवेश पाठोपाठ वाचले. एकात मुलीचा बाप मुलीचे पैसे घेतोय, दुसऱ्यात मुलाचा बाप मुलाचे मागतोय. दोन्हींत लग्न म्हणजे बाजार, फक्त गल्ल्यावर बसलेला माणूस बदललाय. एक नट पोरवयात त्या बाजारात सापडलेल्या मुलीचं काम करतो, आणि पंधरा वर्षांनी स्वतःच्या पैशानं त्याच बाजाराविरुद्धचं नवं नाटक उभं करतो. मला ही केशवरावांच्या आयुष्यातली सगळ्यात सलग रेघ वाटते. दोन फलक समोरासमोर ठेवायचे, म्हणजे मधून चालणाऱ्याला दोन्हीकडे बघावं लागेल.

वाचनाला आलेली पोरंपोरी विशीतली. एकजण म्हणाली, "ताई, हे जुनं वाटतच नाही. आमच्या आत्याच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हेच चाललेलं, फक्त 'मुलीला तुम्हीच हौसेनं द्या' असं म्हणत होते." सगळे जरा गप्प झाले. मग तिलाच तो प्रवेश पुन्हा वाचायला दिला, आणि तिनं असा वाचला की ४ ऑक्टोबरला उद्घाटनाच्या भाषणांऐवजी तेवढाच प्रवेश ठेवायचा, हे तिथल्या तिथे ठरलं.

वरेरकरांचं आणि ललितकलादर्शचं नातं केशवरावांच्या पश्चातही टिकलं. 'सत्तेचे गुलाम' १९२२ चं, 'तुरुंगाच्या दारात' १९२३ चं. निवडीचा नाद कंपनीलाच लागला होता.

३ ऑगस्ट, रविवार

पॅलेस थिएटरचा, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचा फलक. इमारतीवर एकच, आणि तो मी काकांवर सोडला, कारण त्यांना त्यात जे दिसतं ते मला दिसत नाही.

बांधकाम १९१३ ते १९१५, शाहू महाराजांच्या काळात. शेजारी खासबाग मैदान, तेही महाराजांचंच, १९१२ चं. एका भिंतीच्या अलीकडे कुस्ती, पलीकडे नाटक. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटतं. आपल्याला वाटत नाही, कारण इथं एकच माणूस सकाळी तालमीत जातो आणि रात्री नाटकाला येतो, आणि दोन्हीकडे "वा!" एकाच आवाजात म्हणतो. हे काकांचं वाक्य, जसंच्या तसं फलकावर घेतलंय.

महाराजांचं नाटकावरचं प्रेम नुसतं इमारत बांधण्यापुरतं नव्हतं. नारायण राजहंस नावाच्या मुलाला कमी ऐकू येत होतं, तर महाराजांनी त्याला मिरजेच्या इस्पितळात उपचार मिळवून दिले. तोच पुढे बालगंधर्व. 'मानापमान'च्या फलकावर भामिनी आणि धैर्यधर समोरासमोर उभे आहेत, आणि दोघांच्याही मागे कुठेतरी हा राजा आहे, हे काकांनी एका पुसट रेखाचित्रात फार छान आणलंय.

काकांनी एक कोपरा आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांच्यासाठी मागून घेतला. दोघे चुलतभाऊ, कोल्हापूरचे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचं आडनावच पेंटर होऊन बसलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे कॅमेरा घरी तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. मराठी सिनेमाची सुरुवात पडदे रंगवणाऱ्या हातांतून झाली, हे काका इतक्या पोटतिडकीनं सांगतात की मी एक शब्द कापला नाही. मजकूर लांब झालाय. राहू दे.

९ ऑगस्ट, शनिवार

जयंती. राखीपौर्णिमाही आजच. काल आगीला वर्ष झालं.

संध्याकाळी आम्ही नाट्यगृहापाशी गेलो. दगडी दर्शनी भाग उभा आहे, आतलं काम चालू आहे. रस्त्यापलीकडे उभे राहिलो. एक जुने नेपथ्यवाले मामा भेटले. चाळीसेक वर्षं त्यांनी तिथे सेट लावले. त्यांना फलकांबद्दल सांगितलं तर म्हणाले, "त्यात एक गोष्ट घाला. विंगेत उभं राहिलं की त्या मंचाच्या फळ्यांचा आवाज वेगळा यायचा. नट घाबरलाय का रंगात आलाय, ते पायावरनं कळायचं."

बाराव्या फलकावर, जिथे आजची माणसं बोलतात, तिथे हे वाक्य जाईल. त्यांचं नाव नको म्हणाले. "नेपथ्यवाले" एवढंच.

२४ ऑगस्ट, रविवार

छपाई. गणपती बुधवारी, म्हणजे शहरातली एकही प्रेस फलक घ्यायला तयार नाही; सगळीकडे मंडळांची कामं. एका ठिकाणी नमुना टाकला तर जोडाक्षरं तुटून आली: 'महत्त्वाकांक्षा'चा पार चुराडा. फाँट युनिकोड करून, अक्षरांच्या चित्रासारख्या रेषा (कर्व्ह) करून पाठवल्यावर जमलं. उरलेली छपाई विसर्जनानंतर.

चकचकीत लॅमिनेशन रद्द. खिडकीसमोर ठेवलं की मजकूर दिसत नाही, नुसती खिडकी दिसते. मॅट घेतलं. खर्च थोडा वाढला, एका पालकानं भरला.

१४ सप्टेंबर, रविवार

काल एका शाळेत चाचणी झाली. सहा फलक नेले होते, कागदी प्रिंटवर. सातवी आणि आठवी.

आवाजाच्या फलकाची कृती मुलांनी इतक्या आनंदानं केली की शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या. ओरडायचं नाही, हा नियम कुणी मोडला की बाकीचे त्याला परत पाठवत होते. एका मुलीचा आवाज ध्वजस्तंभापर्यंत स्पष्ट गेला. ती घरी जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीजवळ वाढलीय, असं तिच्या बाईंनी सांगितलं.

'शारदा'पाशी एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग केशवराव शाळेत कधी गेले?" मी म्हटलं, नाटक कंपनी हीच त्यांची शाळा झाली. "आई भेटायला यायची का?" यावर फलकात काही नाही. पण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो मी मजकुरात प्रश्न म्हणूनच घेतला: एवढ्या लहान वयात घर सुटलं तर तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवेल? खाली चार ओळी लिहायला मोकळी जागा.

आणि 'दामिनी'. सातवीतली एक बारकी मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत उभी होती. मग खाली वाकून तिनं नाव वाचलं आणि विचारलं, "नाटक यांनी लिहिलंय ना? मग नाव एवढं बारीक का?"

काका माझ्या शेजारीच होते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि तिथेच प्रिंटवर खूण केली. रात्री नवी मांडणी आली: पडदा तसाच, पण दोन्ही बाजूंना सरलेला, आणि मधल्या उजेडात मोठ्या अक्षरांत हिराबाई पेडणेकर. आधीच्यापेक्षा चित्र म्हणूनही हे चांगलं आहे, हे काकांनीच बोलून दाखवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

अकरावा फलक सगळ्यात शेवटी लिहिला. 'संयुक्त मानापमान'नंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत, आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. विषमज्वर. वय एकतीस. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले. कोल्हापूरच्या रंगभूमीवर ते वर्ष कसं गेलं असेल!

कंपनी थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकरांनी. १९५७ चं 'दुरितांचे तिमिर जावो' ललितकलादर्शचंच. माझ्या आईनं ते पाहिलेलं आहे आणि त्यातली पदं ती अजून म्हणते, पण या कंपनीची सुरुवात आपल्या गावच्या एका सतरा वर्षांच्या मुलानं केली, हे तिला परवा माझ्याकडून कळलं. फलक वाचून ती म्हणाली, "हे मोठ्या माणसांनाही दाखवा गं, नुसतं पोरांना काय."

त्यामुळे ४ तारखेला शाळेचा हॉल संध्याकाळी सातपर्यंत उघडा ठेवायची परवानगी घेतली. दसरा २ तारखेला आहे, दसरा चौकाकडचा रस्ता बंद असेल. फलक १ तारखेला सकाळीच हलवायचे.

५ ऑक्टोबर, रविवार

काल झालं. भाषण नाही. आधी अण्णांच्या विद्यार्थिनीनं माईक न घेता 'मूर्तिमंत भीति उभी' म्हटलं, मग 'हाच मुलाचा बाप'मधला प्रवेश. हॉल भरला होता, मागे उभे असलेल्यांनाही शब्द गेला.

गर्दी कुठे थांबते, ते पोरांनी बघून ठेवलं. 'मानापमान'पाशी वयस्कर माणसं थांबत होती, अपेक्षेप्रमाणे. 'दामिनी'पाशी बायका आणि मुली. दोन लग्नांच्या समोरासमोरच्या फलकांमध्ये एक जोडपं बराच वेळ उभं होतं, दोघांत काहीतरी बोलणं चाललं होतं. मी जवळ गेले नाही. एका निवृत्त प्राध्यापकांनी वझेबुवांबद्दल आणखी लिहा, असं सुचवलं. बरोबर आहे, त्यांना आम्ही एका वाक्यात उरकलंय. अण्णांना मजकूर सांगायला बसवायचं.

पुढची कामं: सहाव्या फलकाचा कोपरा दबलाय, मागून पट्टी लावून घेणं. नकाशावर हुबळी ठळक करणं. दोन शाळांनी दिवाळीनंतरच्या तारखा मागितल्यात, त्यातली एक कागलची, तिकडे टेंपो ठरवायचा. बेळगावच्या एका मराठी शाळेकडूनही विचारणा आहे. ते जमलं तर पुढे हुबळीला न्यायचं का, हे पुढच्या शनिवारी बोलू.